गोळ्यांचा गुण

तिनं त्याच्या दोन्ही काखांत हात घातले, गुडघे वाकवले आणि त्यानं "तीन!" म्हणताच त्याला पलंगावरून खुर्चीत बसवलं. लोकांची कपाटं पाठीवरून वाहण्यात त्याचा जन्म गेला होता. गल्ली अजूनही त्याला पैलवान म्हणायची. अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडली, तरी वजन कसं उचलायचं हे तोच बायकोला शिकवायचा.

"आज धाप नाही लागली तुला," तो म्हणाला.

खरंच की! महिन्यापूर्वी एवढ्यानं तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. तपासणीत हिमोग्लोबिन साडेसात निघालं, डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, तुझ्यानं होत नसेल तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. तू माझ्याकडे ये." पन्नास वर्षांचा संसार काय असा वाटून घ्यायचा असतो? तेव्हापासून तिनं एक गोळी चुकवली नव्हती. आणि पैलवान दिवसेंदिवस हलका लागत होता. गोळ्यांना गुण आला, दुसरं काय! जिन्यात मात्र मध्येच बसावं लागे. ते वयाचं, असं ती स्वतःला बजावायची.

दुपारी ती नवा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात गेली.

"सहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजी, आणखी उतरलंय. आतून कुठंतरी रक्त जातंय. आजच भरती व्हा."

"छे हो, मशीन चुकलं असेल. मी रोज अख्खा माणूस उचलते. आता तर पहिल्यापेक्षा सोपं जातं."

"मग आजोबांचं वजन घटलं असेल."

रिपोर्टची घडी घालताना तिला एकदम ताटं आठवली. महिनाभर "पोट भरलं गं" म्हणत त्याचं अर्धं ताट परत येत होतं. ते ती खिडकीतल्या मांजराला घालायची. मांजर गलेलठ्ठ झालं, आणि हिला म्हणे गुण आला! काय म्हणावं या माणसाला? आणि काय म्हणावं स्वतःच्या डोळ्यांना?

घराच्या जिन्यात ती चार वेळा बसली. दाराशी थांबून तिनं पदरानं दोन्ही गाल खसाखसा चोळले, लाल होईपर्यंत.

"किती निघालं?" त्यानं विचारलं.

"अकरा. बाई म्हणाल्या, आता दोन पैलवान उचललेत तरी चालेल."

त्यानं तिचे लाल गाल निरखून पाहिले.

"खरं सांगतेस?"

"माझी शपथ." त्याची शपथ घ्यायला तिची जीभ धजली नाही.

तिनं ताट वाढून आणलं आणि घास पुढं केला. त्यानं तोंड उघडलं. दुसऱ्या घासाला त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि स्वतःकडं ओढलं. मग तो नुसता जेवत सुटला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी चावणं थांबेना. ताट चाटूनपुसून लख्ख झालं.

"अजून आहे?" त्यानं लाजत विचारलं.

"आहे की. पोटभर जेवा," ती म्हणाली, आणि उठण्यासाठी टेबलाची कड घट्ट धरली.