पाळण्यापुरती जागा

आमच्या वैजूला जेवताना समोरच्या टॉवरकडं बघायची खोड आहे, आणि ती बघते म्हणून आमची खोली आखडते. घास तोंडात, मान खिडकीत. बाईच्या जातीनं जेवताना ताटात बघावं. हिची भाकरी वाळून जाते आणि तिकडं मागची भिंत चार बोटं पुढं येते. पहिल्यांदा मांडणीवरची पातेली पडली तेव्हा मला वाटलं, मांजर असेल. मग ट्रंक बाहेर काढावी लागली. मग पलंग.

सासू म्हणून मी एका शब्दात तिची मान फिरवली असती. पण तिला दिवस होते आणि डोहाळेच ते लागले होते. दिगूनं, म्हणजे माझ्या लेकानं, चिंच आणली, कवठ आणलं. तिनं हात लावला नाही. तिला विसाव्या मजल्यावरची गॅलरी हवी होती. तिथं झोपाळा आहे आणि त्यावर कुणीच बसत नाही, हे सांगतानाच तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. डोहाळे मारले की पोराचे कान फुटतात. नवऱ्यामागं भाजीची गाडी ढकलून मी लेक वाढवला, कुणाच्या दारात हात पसरला नाही, आणि माझ्याच घरात फुटक्या कानाचं पोर निपजू देऊ? मीच तिला खिडकीशी पाट मांडून दिला.

पुढं दिगू पाय दाराबाहेर काढून झोपायला लागला. त्या टॉवरला आतनं रंग त्यानंच दिलाय, पण त्यानं कधी मान वर केली नाही, म्हणून त्याच्यापायी खोली कधी आखडली नाही. माझा जीव अडकला होता पाळण्यात. छपराच्या अँगलला कडी आहे, दिगूही तिथंच झुलला. पाळण्याला झोका घ्यायला दोन्हीकडं हातभर तरी जागा लागते. भिंत कडीखाली आली तर बारसं काय गटारावर करायचं?

म्हणून मी स्वतः टॉवरात गेले. बाई, तुमच्या गॅलरीला पडदा लावा, एवढंच सांगायचं होतं. वॉचमन आमच्याच वस्तीतला, त्यानं लिफ्टमध्ये घालून विसाव्या मजल्यावर सोडलं. ज्या बाईनं दार उघडलं ती गुडघ्यांवर होती. तिचा हॉल माझ्या मोरीएवढा झाला होता. संगमरवर सगळा शाबूत, पण उभं राहता येत नव्हतं. ती रांगतच मागं सरली आणि खिडकीत मान घालून बसली. नदीपलीकडं याच्या दुप्पट उंच बिल्डिंग झाली होती.

"बसा म्हटलं असतं," ती मागं न बघता म्हणाली, "पण बघताय ना."

मी बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. घरी आले तर भिंत वीतभर मागं गेलेली. मला शाळा नाही, पण हे कळायला शाळा लागत नाही.

वैजूला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिच्या लेखी झोपाळा रिकामा ठेवावा एवढी त्या बाईकडं जागा. मग मी तिचा पाट उचलून दुसऱ्या खिडकीशी ठेवला. त्या खिडकीखाली ओढा आहे, आणि ओढ्याच्या काठाला निळ्या प्लास्टिकचं पाल टाकून शेवंता राहायची. घमेली वाहायची, दोन लेकरं. वैजू तिकडं बघायला नको म्हणाली. मी हनुवटी धरून तिची मान खाली केली. तिनं बघितलं. भिंत मागं सरकली.

चांगले दिवस आले. पलंग आत आला, ट्रंक आली. वैजूच्या गालावर मांस चढलं, दिगू आंघोळीला गाणं म्हणायला लागला. आळीत ही गोष्ट लपते थोडीच? दिवेलागणीला सगळी आळी ताटं घेऊन ओढ्याकडं तोंड करून जेवायला लागली. शेवंताचं पाल आधी खाटेएवढं झालं, मग छत्रीएवढं. लेकरं बाहेर उभ्यानंच झोपायची.

एक दिवस शेवंता आमच्या दारात आली. मी चहा दिला. दारातनं मी कुणाला कोरडं पाठवत नाही. तिनं कप धरला, तोंडाला लावला नाही.

"आक्का, ती खिडकी लावून घ्या."

"तूपण बघ की खाली कुणाकडं तरी."

"आमच्या खाली वढा हाय."

कप उंबऱ्यावर ठेवून ती गेली. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक रुमालाएवढं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी चुलीचे दगड तेवढे होते, आणि ओढा जरा रुंद दिसत होता.

वैजूला मुलगी झाली. बारशाला बायका जमल्या, घुगऱ्या वाटल्या. पाळणा बांधला, तो मस्त झुलत होता. नाव सांगायला मी पोरीच्या कानाशी वाकले आणि पाळणा भिंतीवर आपटला. बायकांनी ओढ्याकडच्या खिडकीत धाव घेतली. खाली बघायला कुणी नव्हतं. त्या खिडकीत खूप वेळ उभ्या राहिल्या, मग एकेक करून आपापल्या घराकडं निघाल्या. दारातनं त्यांना तिरकं होऊन जावं लागलं.

वैजूनं मला टॉवरकडच्या खिडकीशी बोलावलं. एकूण एक गॅलरीत माणसं उभी होती. हातात ताटं, आणि माना खाली. विसाव्या मजल्यावरची ती बाई सरळ ताठ उभी होती, सावकाश घास चावत होती.

"आत्या, सगळे आपल्याकडंच बघतायत," वैजू म्हणाली. तिनं पदर सारखा केला, केस चापले. मागं पाळण्याच्या दोन्ही कडा भिंतींना टेकल्या होत्या, लाकूड करकरत होतं. भिंत माझ्या पाठीला लागली. वैजूनं पोरीला उचलून खिडकीत धरलं आणि तिचा एवढासा हात आपल्या हातात घेऊन त्यांना टाटा करायला लावला.

मी म्हटलं, "वैजू, तुझ्यापेक्षा शेवंताला अक्कल होती. ती खिडकी लावा म्हणायला आली होती."