सुतात गुंडाळलेली तार

उंदरांनी वायर दुसऱ्यांदा कुरतडली तेव्हा कुंदाने चंगच बांधला. भांडुपच्या बाजारातून तिने आगकाडीहून जाड, भरीव तांब्याची उघडी तार आणली.

"आता कुरतडा म्हणावं!"

ही तार ॲम्प्लिफायरपासून आबांच्या कॉटखाली ठेवलेल्या मोठ्या स्पीकरपर्यंत जायची होती. कुंदाचे आबा, काशीराम, तीस वर्षं मिलच्या मागांमध्ये उभे राहिले आणि कान तिथेच ठेवून आले. गेल्या वर्षी भजनात पखवाजावर त्यांची सम चुकली, कुणीतरी हसलं, आणि डाव्या पुडीवरची कणीक खरवडून पखवाज माळ्यावर गेला; मंडळात आता लवू वाजवायचा. कानांनी नाही, तर निदान कॉटच्या लाकडी फळीतून ठेका त्यांच्यापर्यंत पोचेल, हे डोक्यात आल्यापासून कुंदाला दोन दिवस चैन नव्हती.

आता फक्त तारेच्या दोन तुकड्यांच्या टोकांना पिना बसवायच्या होत्या. अंधेरीच्या कारखान्यात ती दिवसभर केसाएवढ्या तारांना कथलाचे डाग द्यायची. इथे मात्र कथलाचा थेंब तांब्यावर गोळा व्हायचा आणि टपकन खाली पडायचा.

"रोज हजार डाग देतेस ना गं?" तांदूळ निवडताना आई, शेवंती, म्हणाली. "की सुपरवायझर ओरडल्याशिवाय जमत नाही?"

"आई, तू गप ना!"

आबा कॉटवरून बघत होते. मागांच्या खडखडाटात माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. या घरातही तीच रीत. कुंदाने नुसते ओठ हलवले, "धरत नाही."

आबा उठले. तिच्या हातातल्या डाग द्यायच्या बारक्या इस्त्रीकडे पाहून हसले. "तांब्यान सगळी ऊब खाल्ल्यान गो! स्टोव्ह पेटव."

त्यांनी तारेचं टोक चिंचेने लख्ख घासलं आणि तार चिमट्यात धरली. टोकाच्या चार बोटं मागे ज्योत लागेल अशी. ऊब सरकत सरकत टोकाशी आली. कुंदाने राळ लावली, कथील टेकवलं, आणि ते पाण्यासारखं पसरलं!

"आबा! धरलं!" ती ओरडलीच. पिनेत कथील भरून टोक आत बसवलं, थंड होईपर्यंत दोघांनी श्वास रोखले. मग ओढून पाहिलं. पिन हलेना.

अशा चारही पिना झाल्या. दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कुंदा टेप शोधू लागली, तर आबांनी ट्रंकेतून मिलच्या सुताची कांडी काढली. प्रत्येक तारेवर त्यांनी वेढ्याला वेढा भिडवत सूत चढवलं. कुठे फट नाही, गाठ दिसत नाही. तसे हात कुंदाने पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत.

मग भजनी मंडळाची कॅसेट लागली. आबा कॉटवर बसले, दोन्ही तळवे फळीवर. कुंदाने आवाज वाढवला. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. आबांचा चेहरा कोराच.

तिने आवाज आणखी वाढवला. गेलं की काय सगळं?

आबांच्या कपाळावर आठी पडली. एक बोट उचललं गेलं, आपटलं. मग तळहात. नेमका समेवर.

"कोण वाजवता? लवू?"

कुंदाने जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"पळता मेलो! ठेको सोडून पळता!" आबा ताडकन उभे राहिले, माळ्याकडे बोट करत. "शेवंती, कणीक मळ गो!"

"आत्ता? पोळ्यांना?"

"पखवाजाक!"