दोघांची मांडणी

"ते खेळणं उचल आधी टेबलावरून," बेलेन म्हणाली. "भाजलेल्या डुकराचं ताट काय तुझ्या बटणांवर ठेवू?"

"उचलते गं, मानांग. रोदेलला दाखवायचंय."

"नऊ वर्षं त्याला बटणंच दाखवतेयस. त्याऐवजी मनातलं दाखवलं असतंस, तर एव्हाना एखादं भाचरू खेळवलं असतं मी."

मेरिविक नुसती हसली. मानांगच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, तोंडी लागण्यात अर्थ नसतो हे चव्वेचाळीस वर्षांत तिला चांगलेच कळले होते. त्यातून आज हारोच्या जत्रेचा दिवस. इलोइलो शहराच्या या भागात आज सगळ्या घरांची दारे सताड उघडी, आणि जो येईल त्याच्यासाठी ताट तयार. येणाऱ्यांत आज रोदेल होता, म्हणून सकाळपासून तिने तीनदा ब्लाउज बदलला होता.

बेलेन ज्याला खेळणे म्हणत होती तो कीबोर्ड शाळेच्या वहीपेक्षा लहान होता. बटणे चाळीसच. आकड्यांची ओळ नाही, बाण नाहीत, आणि एकाही बटणावर अक्षर म्हणून नाही, सगळी कोरी. डाव्या अंगठ्याखालचे बटण दाबून धरले की अक्षरांचे आकडे व्हायचे. उजव्या अंगठ्याखालचे धरले की प्रोग्राम लिहिताना दिवसातून शंभरदा लागणारे कंस आपसूक बोटांखाली यायचे. कुठल्या बटणाने काय उमटायचे ते एका फाइलीत लिहून ती फाइल कीबोर्डात भरायची असे.

ती मांडणी दोघांनी मिळून बसवली होती, बोटींच्या तिकिटांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत शेजारी शेजारी बसून. दोघांचे कीबोर्ड सारखे, फाइल एकच. एखादे बटण हलवले की त्याचे कारण लिहून दुसऱ्याला पाठवायचे, दुसऱ्याने आठवडाभर वापरून पाहायचे, पटले तरच ठेवायचे, असे ठरले होते. मग रोदेल सिंगापूरला गेला, पण ठरलेले मोडले नाही. त्याच्याकडून बदल येणे पहिल्याच वर्षी थांबले. कामाचा व्याप असेल, अशी मेरिविकने स्वतःची समजूत घातली. तिने मात्र नऊ वर्षांत एकसष्ट बदल पाठवले आणि एकसष्ट वेळा त्याचे उत्तर आले, "मस्त. राहू दे."

तेवढ्या तीन शब्दांच्या भरवशावर तिने दोन चांगली स्थळे परतवली होती. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. दोघांची बोटे रोज सारख्याच वाटेने चालतात, मग आज ना उद्या माणूसही परत येईल, असे तिला अगदी मनापासून वाटे. आज ती त्याला विचारणारच होती.

रोदेल दुपारी आला. हातात चॉकलेटांची पिशवी, पोट सुटलेले, डोक्यावरचे रान विरळ झालेले.

"मानांग, तुम्ही तर आणखी तरुण झालात!"

"आणि तुझे केस सिंगापूरवाल्यांनी ठेवून घेतले वाटतं!"

पोटभर जेवण झाले. बेलेन सूप आणायला आत गेली. रोदेलने सहज कीबोर्ड हातात घेतला.

"अजून चालतो हा?"

मेरिविक त्याच्याकडे वळली. "चालतो म्हणजे? तुझा नाही चालत?"

"चालतो ना. चालतो की."

"मागच्या महिन्यातला बदल कसा वाटला?"

"मस्त एकदम."

"मग लिहून दाखव. आपलं नेहमीचं."

नेहमीचे म्हणजे एक ते दहा मोजणारा चार ओळींचा प्रोग्राम. नवा बदल केला की दोघे तोच लिहून पाहत. तिने कीबोर्ड लॅपटॉपला जोडून त्याच्यापुढे सरकवला. पहिला शब्द त्याने झरझर लिहिला. मग कंस हवा होता. साध्या कीबोर्डावर आकड्यांच्या ओळीत कंस असतात, तिकडे त्याची बोटे वर गेली, कीबोर्डाच्या कडेपलीकडे, आणि टेबलक्लॉथवर टेकली. तो ओशाळून हसला. मग त्याने खाली पाहिले, पण कोऱ्या बटणांवर वाचायला काय असणार? एकेक बटण दाबून पाहू लागला तसा पडद्यावर नुसता कचरा जमला.

बेलेन सूप घेऊन दारात आली होती. तिने बहिणीचा चेहरा पाहिला आणि वाडगे ठेवून परत फिरली.

"कधीपासून?" मेरिविकने विचारले.

"पहिल्या वर्षापासूनच. तिथं ऑफिसात बाहेरची वस्तू लावू देत नाहीत. आणि घरी आल्यावर पुन्हा कोण बसतंय! पण टाकला नाही हं, कपाटात आहे. शप्पथ."

"मग ते 'मस्त, राहू दे' कशाला?"

"खरं सांगितलं असतं तर तू पाठवणं बंद केलं असतंस." तो मान खाली घालून बोलत होता. "तू खाली कारण लिहायचीस ना, ते वाचायचो मी. 'पावसात बोटं गार पडतात, म्हणून हे बटण जवळ आणलं.' असं मला तिथं कोण लिहिणार?"

खरे तर तिला संताप यायला हवा होता. तो आला नाही. त्याचीच दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

"परत येणारेस का रे कधी?"

"तिथं कायमचं राहण्यासाठी अर्ज केलाय. होईल बहुतेक." मग त्याने विचारले, "पाठवत राहशील ना?"

"सूप घे," ती म्हणाली. "निवतंय."

दोन दिवसांनी सकाळी ऑफिसात जाऊन तिने फाइल उघडली. चुकलेले अक्षर पुसायचे बटण उजवीकडे अगदी वरच्या कोपऱ्यात होते. रोदेलची बोटे लांब, म्हणून पहिल्याच आठवड्यात ते तिथे ठरले होते. तिला मात्र दर वेळी सगळे मनगट उचलावे लागे. तिने ते बटण अंगठ्याखाली आणले. कारण लिहिले: माझी बोटं आखूड आहेत. फाइल कीबोर्डात भरली.

मग पाहते तर सवयीने नवी ईमेल उघडून वर रोदेलचे नावही लिहून झाले होते. ते पुसायला तिची करंगळी आधी वरच्या कोपऱ्याकडेच गेली. तिथे आता काही नव्हते. तिने हात खाली घेतला आणि अंगठ्याने एकेक अक्षर पुसत नेले.