ओरिसियाच्या हनुवटीखाली

मित्रांनो, मी एक जुने व्हायोलिन आहे. वाजवणाऱ्याची हनुवटी जिथे टेकते, तिथले माझे वार्निश पार उडून गेले आहे आणि खालचे लाकूड उघडे पडले आहे. नवी माणसे ते पाहून हळहळतात. मला मात्र तो डाग मिरवावासा वाटतो, कारण तो ओरिसियाचा आहे.

माझा जन्म शिकागोतला. वाक्लाव ह्रुष्का नावाच्या, बोहेमियाहून आलेल्या कारागिराने मला आपल्या घराच्या मागच्या खोलीत घडवले. माझ्या छातीचे लाकूड कानाशी धरून तो बोटाने वाजवून पाही आणि पटले नाही की पुन्हा तासत बसे. तिथून मी प्रिचर्डसाहेबांबरोबर कॅनडातल्या विनिपेगला आलो. ते मूकपटाच्या थिएटरात पडद्याखाली बसून वाजवत. पडद्यावर नायिका रडली की मी रडायचो, चोर पळाला की मीही पळायचो. पुढे चित्रपट बोलू लागले आणि आम्ही दोघे गप्प झालो. मग साहेबांनी रेल्वे यार्डापलीकडच्या वस्तीत मुलांना शिकवायला सुरुवात केली.

त्या वस्तीतच ओरिसिया भेटली. तिचे आईवडील युक्रेनहून आलेले. वडील रेल्वेच्या कारखान्यात लोहार होते. थोरली बहीण स्तेफा तिचा हात धरून तिला शिकवणीला आणायची. स्तेफा स्वतः चर्चच्या सभागृहातल्या पियानोवर शिकली होती. त्या पियानोच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या, तेवढे सूर ती तोंडाने म्हणायची.

साहेबांचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी मला ओरिसियाच्या मांडीवर ठेवले.

"हे तुझं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही काय वाजवणार?" तिने विचारले.

"मी ऐकणार. ते काम कुणी करतच नाही."

त्यानंतरची वर्षे, मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर वर्षे. हाडे गोठवणाऱ्या थंडीत ओरिसियाची आई, पराश्काबाई, माझी पेटी गोधडीत गुंडाळून द्यायची. घरात आल्यावर पेटी लगेच उघडायची नाही, लाकडाला घाम फुटतो, हेसुद्धा तिने लक्षात ठेवले होते. ती मला "तिसरं पोर" म्हणायची.

न्यूयॉर्कच्या मोठ्या स्पर्धेत आयोजकांनी साथीला आपला पियानोवादक देऊ केला. ओरिसियाने साफ सांगितले, "स्तेफा नसेल तर मीही नाही." दोघी बहिणी आईने शिवलेले सारखे निळे झगे घालून रंगमंचावर गेल्या आणि जिंकून परतल्या. मग लंडन, मॉस्को, टोकियो, ब्युनोस आयर्स! मोठमोठ्या सभागृहांत माणसे उभी राहून टाळ्या वाजवायची. वर्तमानपत्रे ओरिसियाच्या सुरांना नाना विशेषणे लावायची. स्तेफाचे कौतुक मात्र वेगळ्याच चालीचे असे.

"नाक पूस आधी," पडद्याआड ती म्हणायची. "अख्खं लंडन बसलंय बाहेर, आणि ही शेंबडी!"

ओरिसिया हसायची. हसली की तिचा खांदा सैल व्हायचा, आणि तो सैल झाला की मी मोकळा गायचो. हे गुपित फक्त मला आणि स्तेफाला ठाऊक होते.

पण कीर्ती वाढली तशी सल्ला देणारी माणसेही वाढली. ओरिसियाचे कार्यक्रम ठरवणारा केसेल नावाचा गृहस्थ एके दिवशी तिला म्हणाला, "आता तुला तुझ्या तोलामोलाचा साथीदार हवा. बहीण चांगली आहे, पण तिला ओळखतं कोण?" ओरिसिया हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. बॉस्टनला गेल्यावर स्तेफाने छापील कार्यक्रमपत्रिका उघडली. पियानोपुढे दुसरेच नाव होते.

"ही छापणाऱ्याची चूक आहे का गं?" तिने विचारले.

ओरिसिया माझ्या गजाला राळ लावत राहिली. "नाही."

"मग तुझी आहे, एवढं तरी म्हण."

ओरिसियाने ते म्हटले नाही. स्तेफा निळा झगा खुर्चीवर ठेवून विनिपेगच्या गाडीत बसली.

पाठोपाठ माझीही पाळी आली. एका धनिकाने ओरिसियाला वापरायला एक अतिशय मौल्यवान इटालियन व्हायोलिन दिले. मी ते ऐकले आहे, म्हणून खोटे बोलणार नाही. त्याचा आवाज माझ्याहून थोर होता. मी ओरिसियाच्या न्यूयॉर्कच्या घरातल्या कपाटात गेलो, हिवाळी कोटांच्या मागे. कपाटालगत खोली गरम ठेवणारा पाइप होता. त्या कोरड्या उष्णतेने माझे लाकूड आक्रसत गेले आणि एका सकाळी माझी छाती उभी तडकली. बारीकसा आवाज झाला. घरात कुणीच नव्हते.

आणि मग नियतीने ओरिसियाच्या हातावरच घाव घातला. तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे ऐकेनाशी झाली. चहाचा कप धरताना बोटे ठीक असायची, पण तारेवर ठेवली की आपोआप मुठीत वळायची. ती जास्त मेहनत करू लागली, बोटे जास्तच वळू लागली. डॉक्टर म्हणाले, बोटांत दोष नाही, मेंदूकडून येणारा हुकूमच चुकतो आहे, आणि यावर आमच्याकडे औषध नाही. व्हिएन्नातल्या भरल्या सभागृहात ती वाजवता वाजवता थांबली, वाकून नमस्कार केला आणि आत निघून गेली. इटालियन व्हायोलिन परत गेले. केसेलचे फोन आधी कमी झाले, मग बंदच झाले.

कपाटातून कोट काढताना तिला माझी पेटी दिसली. तिने ती उघडली, माझ्या छातीवरच्या चिरेवरून बोट फिरवले आणि तिथेच जमिनीवर बसली. मला घेऊन ती विनिपेगला आईच्या घरी परतली.

दार स्तेफाने उघडले. म्हाताऱ्या आईला सांभाळण्यासाठी ती नवऱ्यासह त्याच घरात राहत होती आणि वस्तीतल्या मुलांना पियानो शिकवत होती. तिने बहिणीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काय अवस्था केलीस याची!" ती म्हणाली. ओरिसिया कशी आहे, हे तिने विचारले नाही. पण दुसऱ्याच दिवशी मला दुरुस्तीला नेले. चीर सांधली गेली, नव्या तारा चढल्या. ओरिसियाने मात्र पेटी उघडली नाही. दोघी एकाच टेबलावर जेवायच्या आणि मिठाच्या भांड्यापलीकडे बोलणे जायचे नाही.

त्या हिवाळ्यात पराश्काबाई वारल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना आणि खाली सभागृहात जेवण होते. मधातला गहू शिजवता शिजवता स्तेफा म्हणाली, "जेवणानंतर आईचं पाळणागीत वाजवायचं. तू आणि मी."

"मला दोनच बोटं उरलीत, स्तेफा."

"मग दोन बोटांनी वाजव. आईनं कधी तुझी बोटं मोजली नव्हती."

"लोक हसतील."

"इथले लोक? अगं, त्यांना बटाटा भरलेल्या पिरोही गरम मिळाल्या म्हणजे झालं. वाजव गं."

सभागृहात तोच जुना पियानो होता. ओरिसियाने मला हनुवटीखाली घेतले. तिचा श्वास माझ्या लाकडावर पडला. पहिल्या ओळी निघाल्या, खरखरीत, पण निघाल्या. मग गीताच्या चढावर तिची बोटे वळली आणि गज जागच्या जागी थांबला. मला वाटले, आता व्हिएन्ना पुन्हा घडणार.

स्तेफाने मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. ती वाजवत राहिली. चढाच्या आधीची ओळ तिने पुन्हा घेतली, आणखी एकदा घेतली, जणू गीतच तसे आहे. मुक्या पट्टीचा सूर तोंडाने म्हटला. ती वाट पाहत होती, आणि तिला घाई नव्हती. चौथ्या फेरीला ओरिसियाने अख्खा हात वर सरकवला, दोन बोटांनी चढ गाठला आणि आम्ही शेवटापर्यंत गेलो.

टाळ्या वाजल्या नाहीत. तो दुःखाचा दिवस होता. ओरिसिया पियानोपाशी गेली आणि म्हणाली, "बॉस्टनची चूक माझी होती."

"बारा वर्षं लागली तुला!" स्तेफा म्हणाली आणि तिने चारचौघांत मनसोक्त रडून घेतले.

मित्रांनो, त्यानंतर चमत्कार झाला नाही. बोटे सुधारली नाहीत, जगाची सभागृहे परत आली नाहीत. पण रविवारी संध्याकाळी दोघी बहिणी वाजवायला बसत, आणि असे कितीतरी रविवार आम्हाला मिळाले.

आता स्तेफा नाही. तिची नात दार्का इस्पितळात परिचारिका आहे. ती मला बरे-वाईट, बहुतेक वाईटच वाजवते. ओरिसिया वृद्धाश्रमात असते आणि तिला ऐकू येत नाही. दार्का तिच्यापुढे बसून वाजवते, तेव्हा ओरिसिया आपला डावा हात माझ्या पाठीवर ठेवते. माझे लाकूड थरथरते, ते तिला तळहाताला कळते. ती दोन वळलेली बोटेही तेव्हा माझ्यावर सपाट टेकतात.

एवढेच मागणे आहे. तुमच्याही घरात कोटांमागे एखादी पेटी असेल, तर ती आज उघडा. आणि तुमच्यासोबत वाजवताना कुणी मधेच थांबले, तर त्याच्याकडे वळून पाहू नका. ती ओळ पुन्हा घ्या.