थेल्माचा आवाज

माझी मोठी बहीण थेल्मा नटी होती. बर्न्लीतल्या आमच्या गल्लीत तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. टीव्हीवरच्या दवाखान्याच्या मालिकेत ती मुख्य नर्स होती, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी 'सिस्टर पार्फिट'च बसलं होतं. खाटकाच्या दुकानात बायका तिला आपले सुजलेले गुडघे दाखवायच्या. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग मालिकेला नवा निर्माता आला. त्याला तरुण चेहरे हवे होते. मालिकेत सिस्टर पार्फिटची स्कॉटलंडला बदली झाली, आणि आपलं काम संपल्याचं थेल्माला हातात आलेले संवाद वाचतानाच कळलं. पुढे कामच मिळेना. लंडनच्या खोलीत फोनपाशी बसून असायची. भांडी घासायच्या साबणाची एक जाहिरात मिळाली, पण तिच्यात नुसते हात दिसत होते.

अशात तिला एक सिनेमा मिळाला. नायकाची आई, कोळ्याची विधवा. नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर ऐन फेब्रुवारीत चित्रीकरण. धक्क्यावरच्या बायकांकडून ती हेरिंग मासे साफ करायला शिकली, बोटं कापून घेतली. तिथून तिचा फोन आला.

"आयरीन, या वेळी जमलंय गं. मला आतून कळतंय."

तिच्या तोंडून असं काही मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

लंडनच्या पहिल्या खेळाला तिला बोलावलं नाही. जागा कमी पडल्या म्हणाले. म्हणून सिनेमा बर्न्लीला लागला तेव्हा आम्ही पहिल्यांदाच पाहायला गेलो. अर्धी गल्ली आली होती. शेजारच्या मिसेस क्रॉशॉ तर केस सेट करून आल्या होत्या. आईला आम्ही दोघींनी मधे बसवलं. आईचा जन्म कापडगिरणीत मागांवर गेला होता. त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. नजर मात्र काचबिंदूने नेली होती. पडद्यावर तिला फक्त उजेड हलताना दिसायचा.

सिनेमा सुरू झाला. नायक आपल्या मावशीकडे राहत होता. जरा वेळाने तो कुणाला तरी म्हणाला, "माझी आई मी लहान असतानाच गेली."

मी थेल्माकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती. तिची भूमिकाच काढून टाकली होती, सगळीच्या सगळी, आणि हे तिला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"तू कधी येणार गं?" आईने विचारलं. पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं.

"येईन, आई."

"त्याची आई ना तू? ती तर मेली म्हणतोय."

"बदललं त्यांनी. मी आता मावशी आहे."

शेवटाकडे मावशीचं लांबलचक बोलणं होतं. समुद्रात गेलेल्या नवऱ्याबद्दल, त्याचे बूट अजून दाराशी ठेवते त्याबद्दल. ती नटी फारच चांगली होती. आईने थेल्माचा हात धरला.

"ही तू?"

"हो," थेल्मा म्हणाली. "मीच."

आई रडली. बाहेर आल्यावर गल्लीतले सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे होते. मिसेस क्रॉशॉ तेवढ्या पुढे झाल्या. "छान झालं हो काम," म्हणाल्या आणि बससाठी पळाल्या. घरी मासा आणि चिप्स खाताना आई म्हणाली, "तुझी ती नर्स मला कधी खरी वाटली नाही, पोरी. म्हटलं कशाला बोला, लोकांना आवडतेय तर. आज मात्र वाटलीस."

थेल्मा तिच्या ताटातला मासा बारीक करून देत राहिली.

तो हिवाळा होता; पुढच्याच आठवड्यात आईने अंथरूण धरलं. थेल्मा लंडनची खोली सोडून आली. आईचा एकच हट्ट होता, "ते बुटांचं म्हणून दाखव ना." थेल्मा रोज दुपारी थिएटरात जाऊन बसू लागली. सिनेमा उतरायच्या आत तिने दुसरीचं ते बोलणं शब्दन् शब्द पाठ केलं. मग आईच्या पलंगाशी उभी राहून तिने ते म्हटलं. मी दारात होते. तिने जीव ओतला होता.

आईने पांघरूण छातीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "तसं नाही झालं गं. थिएटरात चांगलं म्हणाली होतीस."

"दमलेय जरा. उद्या म्हणते."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, तिसऱ्याही. आई मान हलवायची. पुढे तिने मागणंच सोडलं, आणि वसंत यायच्या आत गेली.

दफनाहून परतल्यावर मी थेल्माला म्हणाले, "आईला कुठे कळत होतं गं काही. आजारी होती."

"कळत होतं," ती म्हणाली. "तिला एकटीलाच कळत होतं."

त्याच आठवड्यात तिच्या एजंटचा फोन आला. एका मालिकेत दुकानदारणीचं काम होतं, बरं होतं. मी रिसीव्हर पुढे केला. तिने तो घेतला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची चूक होतेय. मी नटी नाही."

आता ती वरच्या खोलीत राहते. बाजारात अजून कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारतं. ती मागे वळत नाही. घरातही फारसं बोलत नाही, आणि बोललीच तर इतकं हळू की मला परत विचारावं लागतं.