बेल्लमपल्लीची बाई

"आणि त्या आईने मला एकच प्रश्न विचारला," जीवन म्हणाला, आणि अनुवादासाठी थांबला.

शेजारी उभ्या असलेल्या पास्टर देवसहायमनी ते वाक्य तेलुगूत सांगितलं, मूळ वाक्यापेक्षा जरा जास्तच हातवारे करून. दोन भाषांच्या सभेत बोलणाऱ्याची ही एक सोय असते. प्रत्येक वाक्यानंतर घोटभर पाणी पिता येतं, पुढचं वाक्य मनात घासूनपुसून घेता येतं आणि समोरचे चेहरे बघता येतात. जीवनने चेहरे बघितले. उजवीकडे सतरंजीवर बायका बसल्या होत्या. त्यांच्या मागच्या रांगेत, दाराशी, डोक्यावर पदर घेऊन त्याची बहीण चंदा बसली होती.

त्याने ग्लास खाली ठेवला, पण तो नीट ठेवला गेला नाही. थोडं पाणी टेबलावरच्या कापडावर सांडलं.

चंदा इथे येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो हैदराबादहून शुक्रवारीच आदिलाबादला आला होता आणि घरी त्याने कोणालाच कळवलं नव्हतं. गाव काही लांब नव्हतं, हमरस्त्याने नेरडीगोंड्याच्या अलीकडे. परतताना जाऊन येऊ, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. मागच्या खेपेलाही असंच सांगितलं होतं.

"देव जर चांगला आहे," तो पुढे म्हणाला, कारण पुढे म्हणणं भागच होतं, "तर त्याला माझंच लेकरू का हवं होतं?"

देवसहायमनी आवाज खाली आणून तो प्रश्न तेलुगूत केला. सभागृहात पंख्यांचा तेवढा आवाज राहिला. इथे नेहमीच असं व्हायचं. ही जागा जीवनला तोंडपाठ होती.

ही बेल्लमपल्लीची बाई त्याच्या भाषणात दीड वर्षापासून राहत होती. कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये तिचं घर, नवरा खाणीत, सात वर्षांचा मुलगा तापाने गेलेला. जीवन ख्रिस्ती तत्त्वज्ञान शिकत होता आणि श्रद्धेचं तर्काने समर्थन कसं करावं हा त्याचा खास विषय होता. वादात त्याला हरवणं कठीण. कॉलेजच्या मेसमध्ये मुलं त्याच्या समोरच्या बाकावर बसायला कचरायची, कारण तो देवाच्या अस्तित्वाबद्दल बोलायला लागला की डाळ गार व्हायची. अशा हुशार मुलाला चर्चच्या मंडळ्या लांबून बोलावत आणि तो जिथे जाई तिथे ही बाई त्याच्याबरोबर जाई. फक्त ती बेल्लमपल्लीची नव्हती. ती कुठलीच नव्हती. ती म्हणजे दारात बसलेली चंदाच होती आणि मुलगा नव्हता, मुलगी होती, चार वर्षांची, सुनयना.

दोन वर्षांपूर्वी सुनयना गेली तेव्हा जीवन तिसऱ्या दिवशी पोचला होता. त्याने धर्म बदलल्यापासून वडील त्याच्याशी मोजकंच बोलायचे, आई रडून घ्यायची; पण चंदाने कधी काही मनात ठेवलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "जीवन, तू एवढा शिकून राह्यला. मले सांग, तुह्या देवाले माही पोरगी काऊन पायजे होती?"

आणि जीवनने सांगितलं होतं. त्याच सहामाहीत त्याला 'दुःखाचा प्रश्न' हा पेपर होता, सगळं ताजं होतं. माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, दुःखातून निघणारं मोठं चांगलं, माणसाच्या बुद्धीची मर्यादा. मुद्द्याला मुद्दा जोडत तो बराच वेळ बोलला. बोलता बोलता त्याला आपलं बोलणं आवडायलाही लागलं होतं, आणि आज नेमकं हेच त्याला आठवलं. चंदाने सगळं ऐकून घेतलं होतं. मग "असंन" म्हणून ती म्हशीला पाणी पाजायला उठून गेली होती.

हैदराबादला परतल्यावर प्रवचनाच्या सरावात त्याने ही गोष्ट वर्गात सांगितली. प्राध्यापक म्हणाले, प्रश्न उत्तम आहे, पण गोष्टीला शेवट नाही. ऐकणाऱ्याला असं रिकाम्या हाताने घरी पाठवू नये. तेव्हा पुढच्या वेळी त्याने शेवट दिला. मग घरच्यांची ओळख पटू नये म्हणून गाव बदललं. आजार कुठला सांगायचा हे ठरवताना त्याला कळलं की सुनयना नेमकी कशाने गेली हे त्याला माहीतच नाही. त्याने ताप लिहिला.

"मी तिला म्हणालो," आता तो म्हणत होता, "बाई, तुझा प्रश्न देवाला नवा नाही." मग ते तीन मुद्दे. एकेक वाक्य, एकेक अनुवाद. त्याने दाराकडे न बघायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी बघितलं. चंदा हनुवटी गुडघ्यावर टेकवून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखीचीही काही खूण नव्हती. गोष्ट आपलीच आहे हे तिने ओळखलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच शरम वाटली.

आता शेवट यायचा होता. शेवट टाळायचा, त्याने ठरवलं.

"ती आई माझं ऐकून गप्प बसली," तो म्हणाला. एवढं खरं होतं. "आता आपण पुढच्या विषयाकडे वळू."

पण पास्टर देवसहायमनी ही गोष्ट निर्मलला सांगितली होती, उटनूरला सांगितली होती, आणखी दोन-तीन गावांतही सांगितली होती. ती त्यांना जीवनपेक्षा जास्त आवडायची. ब्रदर विसरला, असं वाटून ते मदतीला धावले. त्या आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तिने ब्रदरचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, आज मला उत्तर मिळालं, आज माझ्या मनाला शांती मिळाली, हे सगळं त्यांनी तेलुगूत रंगवून सांगितलं. शांती या शब्दावर तर ते टाचा उंचावून उभे राहिले. तेलुगू लोकांतून आमेन उठला. मराठी लोक जीवनकडे बघत राहिले.

"ब्रदर," देवसहायम हळूच म्हणाले, "मराठीत राहिलं."

चंदाला तेलुगू येत होतं, सातवीपर्यंत ती तेलुगू शाळेतच शिकली होती. ती पुढे सरकून बसली होती. तिच्याकडे बघत जीवनने तो शेवट मराठीतही सांगितला. शब्द नेहमीचेच होते, पण तोंडात खडे धरून बोलावं तसे ते बाहेर आले. चंदाने पदराने डोळे पुसले.

उपासना संपल्यावर तिथल्या रिवाजाप्रमाणे नवीन माणसांना उभं केलं गेलं. नाव सांगायचं, गाव सांगायचं, प्रार्थनेसाठी काही विनंती असेल तर तीही सांगायची, मग सगळे टाळ्या वाजवणार. एका म्हाताऱ्याने गुडघेदुखी सांगितली. एका मुलीने नोकरी. मग चंदा उभी राहिली.

"माहं नाव चंदा. नेरडीगोंड्याकडची हाय." ती थांबली. जीवन तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होता, कारण पुढचा शब्द 'बहीण' असायला हवा होता. तो आला नाही. "माही पोरगी गेली. यायनं थ्या बेल्लमपल्लीच्या बाईची गोष्ट सांगितली ना, थ्या बाईले मले भेटाचं हाय. तिचा पत्ता भेटंन का?"

देवसहायमना गहिवरून आलं. त्यांनी ते तेलुगूत सांगितलं, आणि आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं, की ब्रदर जीवन स्वतः या बहिणीला तिथे घेऊन जातील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जीवननेही वाजवल्या, दोन-तीन वेळा, आणि मग हात खाली केले.

बाहेर चपलांच्या ढिगाशी ती त्याची वाट बघत होती. लोक येऊन त्याच्या हातात हात देत होते, "वंदनालु ब्रदर" म्हणत होते. ती बाजूला सरकून उभी राहिली, आणि गर्दी जरा ओसरल्यावर जवळ आली.

"बारीक झाला तू," ती म्हणाली.

"तू कशी आली, ताई?"

"मोबाइलवर तुहा फोटो आला होता ना. कोटातला. त्याच्यावर लिहून होतं, दुःखात देव कुठं असते. म्यां यायले म्हटलं, चला. ॲटो तं घरचाच हाय." गोपाल, तिचा नवरा, रस्त्यापलीकडे ॲटोजवळ चहा पीत उभा होता. "म्यां आत सांगितलं नाही का बहीन हाय म्हनून. म्हटलं तुले कसं वाटंन."

जीवन खाली बघत राहिला. एवढ्या चपलांत तिच्या चपला कुठल्या हे त्याला ओळखू आलं नाही.

"ती बाई लांब राह्यते का?" चंदाने विचारलं. "तिलेही तू तेच सांगितलं ना, जे मले सांगितलं होतं? म्यां ध्यान देऊन ऐकलं. तेच होतं सगळं. मंग तिले समजलं अन् मले काऊन नाही समजलं? म्हनून तिले इचाराचं हाय. तिनं कसं समजून घेतलं ते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला सोसला असता. टोमण्यांना उत्तर द्यायचं शिक्षण त्याने रीतसर घेतलं होतं. तिच्या डोळ्यांत मात्र नुसती आशा होती, डॉक्टरच्या दारात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत असते तशी. सांगावं की ती बाई क्वार्टर सोडून गेली, आता पत्ता नाही. वाक्य तयार होतं, सोपं होतं, आणि ते ऐकून चंदा निमूट घरी गेली असती आणि त्या बाईसारखं आपल्याला का जमलं नाही याचा विचार जन्मभर करत राहिली असती.

"ताई, तशी बाई नाही," तो म्हणाला.

"मेली?"

"नाही. नव्हतीच. थे तुहीच गोष्ट हाय. गाव मी बदललं. अन् शेवट माह्या मनचा लावला."

चंदाला ते समजायला वेळ लागला. तिने एकदा सभागृहाच्या दाराकडे बघितलं, जिथे अजून कोणीतरी पेटी वाजवत होतं.

"थे रडली म्हने, हात धरले म्हने..."

"तसं काही झालं नाही."

"म्हंजे तुहं थे सांगनं कोनालेच समजलं नाही?"

"नाही."

"तुले?"

जीवनने तोंड उघडलं. तिन्ही मुद्दे सवयीने जिभेवर येऊन उभे राहिले. पण इतकी वर्षं ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

त्याला वाटलं, आता ती बोलेल. बोलायलाच हवं होतं. चार माणसांत तिचं दुःख मांडून त्याने टाळ्या घेतल्या होत्या. पण चंदाने मोठा श्वास सोडला आणि ती पायरीवर बसली.

"दोन वर्सं झाले," ती म्हणाली. "मले वाटे माह्याच डोस्क्यात काही कमी हाय. तू एवढं समजावून सांगितलं अन् मले काहीच उमजलं नाही. कोनाले सांगाची लाज वाटे. आज थ्या बाईचं आयकलं तं अजूनच लाज वाटली."

तो तिच्या शेजारी बसला.

गोपाल चहाचा कप टाकून आला. जीवनला बघून त्याने हात जोडले. तो या मेव्हण्याला जरा बिचकूनच असायचा, शिकलेला माणूस म्हणून.

"पत्ता भेटला का?" त्याने चंदाला विचारलं. "बेल्लमपल्ली असंन तरी जाऊ. गाडीत गॅस भरून घेतो."

जीवन सांगायला उठला. चंदाने त्याच्या मनगटाला हात लावला.

"भेटला," ती म्हणाली. "इकडचीच हाय. बेल्लमपल्लीले जा लागत नाही."

"मंग भेटाचं का तिले?"

"भेटू. आता घरी चला. जीवनही येते."

तो येतो का, हे तिने विचारलं नव्हतं. देवसहायमनी जेवायला थांबवून घेतलं होतं, दुपारी तरुणांची प्रश्नोत्तरं होती, पुढच्या रविवारचं ठरवायचं होतं. जीवन आत गेला, बॅग घेऊन आला आणि ॲटोत मागे चंदाशेजारी बसला. गोपालने गाडी हमरस्त्याला घेतली. कापसाची शेतं मागे जात राहिली.

गुडीहत्नूर गाव मागे पडल्यावर जीवन म्हणाला, "ताई, त्या दिवशी काय झालं होतं?"

चंदा त्याच्याकडे बघत राहिली. आरशात गोपालचे डोळे क्षणभर मागे आले आणि ॲटोचा वेग कमी झाला.

"सकाळी तं चांगली खेळून राह्यली होती," चंदा म्हणाली.