चैनीची वस्तू

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. वय विचारू नका. माझ्या पाठीवर एक पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर सगळं छापलेलं आहे, पण पाठ भिंतीकडे असते आणि तेच बरं आहे. मला ऐकू छान येतं. दिसतं मात्र कुणी दार उघडलं तरच. दार उघडलं की आतला दिवा लागतो, तेवढ्यात समोरचं तोंड पाहून घ्यायचं. दार बंद, की पुन्हा अंधार. त्यामुळे मी माणसं ओळखतो ती फ्रिजमध्ये डोकावतानाच्या चेहऱ्यांवरून. त्या वेळी कुणी आपल्याकडे बघतंय असं माणसाला वाटत नाही, त्यामुळे चेहरा अगदी खरा असतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही रांगेने पुढे सरकायचो. कुणी पाठीत नळ्या बसवल्या, कुणी दाराला रबर लावलं. शेवटी एका जाड चष्म्याच्या माणसाने माझं दार दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं, ‘ठाक’ असा आवाज ऐकला आणि मान डोलावली. त्या ‘ठाक’चा मला फार अभिमान होता. आता दार धड बसत नाही, पण तो विषय नको.

पहिली अकरा वर्षं मी एका दातांच्या डॉक्टरांकडे काढली. भरलेलं घर होतं, आणि मीही कायम गळ्यापर्यंत भरलेला. पण कौतुकाचा शब्द म्हणाल तर एक नाही. मी चालत होतो म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि एकदा पाणी गळलं तर आठवडाभर माझा उद्धार चालला होता. मग एक उंच, दोन दारांचा पाहुणा आला आणि माझी रवानगी मागच्या गॅलरीत झाली. तिथे माझ्या पोटात बुटांचं पॉलिश आणि जुने अंक ठेवले. वायर गुंडाळून डोक्यावर ठेवली होती. ते दिवस आठवले की आजही जिवाला लागतं.

तिथून जुन्या सामानाच्या दुकानात, आणि दुकानातून पेंटरकडे.

हा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात तो, त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीला सगळे ठमी म्हणत. ठमीच्या शरीरात इन्सुलिन तयारच व्हायचं नाही, म्हणून ते दिवसातून चार वेळा सुईने द्यावं लागायचं. ते औषध गार ठेवायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्यासाठी मला आणलं होतं. लोणी नाही, फळं नाही, सरबतं नाही. मधल्या कप्प्यात चार लहान बाटल्या, बस्स. मी म्हटलं, चला, काम हलकं आहे. मग पहिल्या सकाळी ठमीच्या आईने दार उघडलं आणि हात लावून बाटली गार आहे का ते पाहिलं. तो चेहरा पाहिला आणि काम हलकं नाही हे मला समजलं.

पेंटरने माझ्या गंजलेल्या दाराला पांढरा रंग दिला आणि ठमीच्या हट्टापायी वर एक निळी बोट काढली. बोटीवर ठमीचं नाव लिहिलं. ती बोट मी कधी पाहिलेली नाही, दाराच्या बाहेरच्या अंगाला आहे ना. पण सुंदर आहे असं सगळे म्हणत.

चार वर्षं ठीक गेली. मग पाट्या छापून मिळायला लागल्या. हाताने रंगवायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात छापणारा दहा पाट्या टांगून मोकळा. पेंटरचे ब्रश घासलेटच्या डब्यात पडून राहिले. ठमीची आई एका पाळणाघरात अर्धा दिवस जायची, ती पूर्ण दिवस जायला लागली, तरी ओढाताण संपेना. माझ्या आतल्या चार बाटल्यांच्या दोन झाल्या. घरातली सगळी बोलणी माझ्यासमोरच चालायची, त्यामुळे कोण कोणाकडे जाऊन आलं ते मला माहीत आहे. मामाने चहा पाजला आणि काटकसर या विषयावर तासभर ऐकवलं. ज्याची पाटी पेंटरने तीनदा फुकट रंगवली होती तो मिठाईवाला आतल्या खोलीतून बाहेरच आला नाही. पेंटर घरी येऊन म्हणाला, हात पसरायची सवय नाही ना, त्यामुळे नीट पसरता येत नाही. हसत म्हणाला.

अखेर एका मदत करणाऱ्या संस्थेत अर्ज द्यायचं ठरलं. शेजारच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशी एकट्या राहायच्या. काजं, बटणं, काठ दुमडून हातशिलाई, ही त्यांची कामं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि सुईत दोरा ओवायला त्यांना आता पाव तास लागायचा. त्यांनीही ऑपरेशनसाठी अर्ज केला. पेंटर एकाच दिवशी दोन्ही अर्ज देऊन आला.

आणि मग खालच्या इस्त्रीवाल्याने अकलेचे तारे तोडले. म्हणाला, पाहणीला येतात आणि घरात सोफा, फ्रिज, असं काही दिसलं की अर्ज गेलाच समजा. त्याच्या चुलत भावाचा म्हणे असाच गेला होता. झालं, ठमीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस घरात माझ्याशिवाय दुसरा विषय नव्हता. शेवटी ठरलं, मला पाहणीपुरतं मावशींकडे ठेवायचं. मावशींची स्वतःची पाहणी पुढच्या महिन्यात होती, तोवर मी परत जाणार होतो. त्या म्हणाल्या, आणा की, कोपरा रिकामाच आहे.

पेंटरने आणि इस्त्रीवाल्याने मला उचलून नेलं. औषधाच्या बाटल्या तेवढ्या वेळासाठी गार पाण्याच्या पातेल्यात ठेवल्या. दार उघडं राहू नये म्हणून पेंटरने मला रुंद इलॅस्टिक बांधलं, आणि बोटीवर ठमीचं नाव होतं म्हणून मावशींनी वरून टॉवेल टाकला. चोरीचा माल लपवावा तसा मी उभा होतो. मला ते मुळीच आवडलं नाही.

दोन दिवसांनी पाहणीच्या बाई आल्या. ठमी शाळेत होती. भिंत पातळ, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. पेंटरने सगळ्या प्रश्नांची तयारी करून ठेवली होती: काम कधीपासून नाही, घरभाडं कोण भरतं, नातेवाईक काय मदत करतात. बाईंनी ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “मुलीचं औषध कुठे ठेवता?”

हा प्रश्न तयारीत नव्हता.

“शेजारी,” ठमीची आई म्हणाली. “मावशींच्या फ्रिजमध्ये.”

“बघू.”

पावलं बाहेर आली, मावशींच्या खोलीत शिरली. इलॅस्टिक निघालं, दार उघडलं, दिवा लागला. समोर एक दमलेला चेहरा होता, कपाळावर घाम, केस कसेबसे बांधलेले. त्यांनी बाटल्या पाहिल्या, माझ्या कप्प्यावर तळहात टेकवून गारवा पाहिला आणि कागदावर खूण केली. मग पिशवीतून दुसरा कागद काढला. म्हणाल्या, तुमचाही अर्ज आहे ना डोळ्यांचा, तुमची पाहणीही आत्ताच उरकते, दोन जिने पुन्हा कशाला चढू.

दार उघडंच होतं. त्यामुळे मला तिघीही दिसत होत्या. बाई, मावशी, आणि मागे उंबऱ्यात ठमीची आई.

“हा फ्रिज तुमचाच ना?” बाईंनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी जिथे आहे असं त्यांना वाटत होतं तिथे पाहिलं. मग म्हणाल्या, “हो, माझाच. ठमीचं औषध इथेच असतं.”

ठमीच्या आईने पायातल्या चपला सरकवल्या, एवढंच. बाईंनी लिहून घेतलं आणि दार लावलं. मित्रांनो, मला एकच भाषा येते, ती म्हणजे घुंऽऽ. मी तेवढं करून पाहिलं. कुणाला काय कळणार?

आता निकाल लागेपर्यंत मला तिथून हलवायची सोय नव्हती. पंधरा दिवसांनी दोन्ही घरांची पत्रं एकाच टपालाने आली. पेंटरकडचा आनंद मला भिंतीतून ऐकू आला. वर्षभराचं औषध मंजूर, दर तीन महिन्यांनी मिळणार. दुपारी ठमी शाळेतून आली ती आधी औषधासाठी माझ्याकडे. मावशींनी आपलं पत्र तिच्या हातात दिलं. दोनच ओळी आहेत वाटतं, वाच बरं, म्हणाल्या. ठमीने माझं दार उघडं टाकून, माझ्याच दिव्यात ते वाचलं. “अर्जदाराच्या घरी फ्रिज ही चैनीची वस्तू आढळल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.”

चैनीची वस्तू! माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी इतका मोठा मान दिला नव्हता. एक क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग ठमीचा चेहरा दिसला.

“मावशी, हा तर आमचा फ्रिज आहे,” ती म्हणाली.

“हळू बोल. औषध घे आणि दार लाव, गार जातंय बाहेर.” एवढंच मावशी बोलल्या आणि पत्राची घडी घालून सुयांच्या डब्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमीची आई आली. तिने बाटली काढली आणि दार धरून उभीच राहिली. एरवी कुणी असं केलं तर माझा जीव खालीवर होतो. त्या दिवशी मी काही तक्रार केली नाही.

“मी तेव्हा दारातच होते, मावशी. मी ऐकलं होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे मला. तू चपला सरकवल्यास तेव्हाच कळलं.”

“मग तुम्ही का सांगितलं नाहीत?”

“मला धूसर का होईना, दिसतं गं. ठमीला औषधाशिवाय एक दिवस चालतं का?”

ठमीची आई रडली नाही. तिने दार लावलं, पाळणाघरात निरोप धाडला आणि तडक संस्थेच्या कार्यालयात गेली. ती परत येईपर्यंत पेंटर इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होता. मिळालेलं औषध हातचं जातंय, हे त्याला दिसत होतं, पण जाऊ नकोस असंही त्याने तिला म्हटलं नव्हतं. मला त्याचं तेवढं आवडलं.

ती दुपारी आली आणि मावशींच्या खोलीतच मटकन बसली. तिने जे सांगितलं ते ऐकून मी चाट पडलो. पाहणीच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो, औषध ठेवायला फ्रिज नसता तर हे औषध आम्ही मंजूरच केलं नसतं. ते उकाड्यात वाया जातं. फ्रिज आहे की नाही, एवढंच बघायला मी आले होते. इस्त्रीवाल्याचा नियम डोळ्यांच्या अर्जाला होता, औषधाच्या अर्जाला नव्हताच.

म्हणजे बघा, जी एक गोष्ट दाखवायची तीच यांनी लपवली होती.

बाईंनी तिच्याकडून खरं काय ते लिहून घेतलं आणि चांगली खरडपट्टीही काढली. ठमीचं औषध मात्र राहू दिलं. मावशींचा अर्ज पुन्हा घेतला, पण त्यांची पाळी निघून गेली होती आणि रांग परत पहिल्यापासून लागायची होती. ऑपरेशनला सात महिने लागणार होते. हातशिलाईवर पोट असलेल्या बाईला सात महिने म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मला त्याच संध्याकाळी परत नेलं. कोपऱ्यातल्या जुन्या डागांवर माझे चार पाय नेमके बसले.

दुसऱ्या दिवसापासून ठमीने एक काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पेंटरच्या सामानातला एक चपटा लोहचुंबक तिने माझ्या दारावर, बोटीच्या खाली लावला. रोज शाळेत जायच्या आधी ती मावशींच्या वीस सुया ओवायची, दोऱ्याला गाठ मारायची आणि लोहचुंबकाला चिकटवून ठेवायची. पांढरे दोरे डावीकडे, काळे उजवीकडे, बाकीचे मध्ये. मावशी यायच्या, हाताने चाचपून सुया घेऊन जायच्या. दोरे हलले की मला दारावर गुदगुल्या व्हायच्या. काही सुया रात्रीपर्यंत उरायच्या, काही दिवस दुपारीच संपायच्या. मग पेंटर ओवायचा, पण त्याच्या गाठी सुटतात अशी मावशींची तक्रार होती. असे सात महिने गेले. ठमीला एकदाही सांगावं लागलं नाही. तापात होती तेव्हाही तिने अंथरुणात बसून सुया ओवल्या.

ऑपरेशन झालं. पंधरवड्याने मावशी काळा चष्मा काढून आमच्याकडे आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“अगं बाई, ही बोट आहे होय? मी इतके दिवस मासा समजत होते.”

मग त्यांनी दार उघडलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझा पाहिला.

“शी! किती कळकट झालाय गं हा! कुणाला दिसलं नाही का इतके दिवस?”

ठमीची आई हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. सात महिन्यांचं राहिलेलं ते रडू होतं, असं मला वाटतं. मावशींनी ओलं फडकं घेतलं आणि माझ्या दाराचं रबर कानाकोपऱ्यातून घासून काढलं. दार लावलं तेव्हा ‘ठाक’ असा आवाज आला. जाड चष्म्याच्या त्या माणसाने ऐकला होता, अगदी तसाच. म्हणजे इतकी वर्षं नुसती घाण अडकली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाताना मावशींनी ठमीला सांगितलं, उद्यापासून सुया नकोत हो, मला माझं दिसतंय. ठमी बरं म्हणाली. दुसऱ्या सकाळी मात्र तिने एक सुई ओवली आणि लोहचुंबकाला लावून शाळेत गेली. मावशी आल्या. दारावर बोटांचा स्पर्श झाला, पण चाचपण्याचा नव्हता, नेमकी सुई उचलल्याचा होता. ती घेऊन त्या गेल्या. आजही हे रोज चालू आहे. एकच सुई.

तर मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. दाराचं रबर आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. आणि कुणी अडचणीतला माणूस तुमच्याकडे काही मागायला आला, तर त्याच्या घरात काय काय आहे ते मोजायला बसण्याआधी त्याला काय हवंय ते विचारा. बाईंनी औषध कुठे ठेवता म्हणून विचारलं होतं, त्याचं खरं उत्तर द्यायची त्या घराला भीती वाटली. एवढी भीती कुणाला तुमची वाटू देऊ नका.

बाकी माझं काही म्हणणं नाही. दार तेवढं लावून जा.